पैठणीची भरपाई (लेखांक अकरावा)

छातीत कोंडलेल्या हवेविषयी या खेपेस लिहिण्याचे मी कबूल केले होते. परंतु मध्यंतरी सांगलीकडील एका वाचक भगिनींचे जे पत्र आले त्याने तो बेत मोडला, आणि खरे सांगायचे तर मोडल्याचा मला फारसा खेदही नाही. लग्नाहून परतताना मोटार उलटून त्यांच्या सासूबाई जायबंदी झाल्या, आणि रुग्णवाहिकेतील तरुणाने त्यांच्या अंगावरची पैठणी दोन मिनिटांच्या आत कात्रीने कापून काढली. सासूबाई आता काठी टेकीत का होईना, पण हिंडूफिरू लागल्या आहेत. पैठणीचे दुःख मात्र ताजे आहे, आणि भरपाई कोणाकडे मागावी ही पृच्छा करण्याचे काम सूनबाईंकडे आले आहे. भरपाईचे शेवटी पाहू. तूर्त त्या तरुणाची कैफियत मांडणे मला अधिक अगत्याचे वाटते.

जखमीच्या तपासणीच्या ए-बी-सी-डी-ई या अनुक्रमातील पाचवे अक्षर, म्हणजे अंग उघडे करून पाहणे, हे रुग्णवाहिकेचे काम शिकणारे माझे विद्यार्थी तोंडाने बिनचूक म्हणतात आणि हाताने हमखास गाळतात. शल्यविशारद स्टायनर यांच्या १९७६ च्या विमान अपघातातून हा अनुक्रम कसा निघाला ते नियमित वाचकांस स्मरत असेलच. त्यातील श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण आणि शुद्ध ही पहिली चार अक्षरे बुद्धीची आहेत. पाचव्यासाठी बुद्धीपेक्षा धिटाई लागते. एकोणीस वर्षांचा मुलगा, ज्याला लहानपणापासून परस्त्रीकडे मान वर करून पाहू नये अशीच ताकीद मिळालेली असते, त्याने भर रस्त्यात, चाळीस माणसांच्या गराड्यात, आजीच्या वयाच्या बाईच्या वस्त्राला कात्री लावायची असते. मुलींनाही पुरुषाच्या धोतराशी हीच अडचण पडते. मग हात थबकतो, आणि वस्त्राखालची जखम वस्त्राखालीच राहते.

हा दोष विद्यार्थ्यांचाच आहे असे समजण्याचे कारण नाही. उमेदवारीच्या काळात एका तालुक्याच्या गावी रात्रपाळीवर असताना ट्रकवरून पडलेला म्हणून एक इसम माझ्यापुढे आणला गेला. नडगीचे हाड मोडून पाय वाकडा झालेला स्पष्ट दिसत होता. मी त्या पायाला फळ्या बांधण्यात असा रंगून गेलो की इसम पांढराफटक पडत चालला आहे, त्याची नाडी बारीक व वेगवान झाली आहे, याचे भान मला राहिले नाही. शेवटी तेथील वयस्क सिस्टरांनी मला न विचारताच त्याच्या अंगावरची काळी घोंगडी दूर केली. काखेच्या मागल्या बाजूस दोन बोटे जाईल एवढे भोक होते. ट्रकमधल्या सळईने पाडलेले. काळ्या लोकरीने रक्त मुकाट्याने पिऊन टाकले होते. तो इसम वाचला, पण त्याचे श्रेय सिस्टरांचे. प्रौढ माणसाच्या देहात रक्त असते पाच लिटरच्या आसपास, आणि घोंगडी, गोधडी किंवा जाड जीनची विजार त्यातला मोठा हिस्सा एक थेंबही जमिनीवर न सांडता शोषून घेऊ शकते. म्हणून काख, पाठ, कुल्ह्यांमधली घडी, जांघ आणि डोक्याच्या केसांखालची मागली बाजू या जागा मी विद्यार्थ्यांकडून पाढ्यासारख्या घोकून घेतो.

आता प्रत्यक्ष कापण्याविषयी. आमच्या कात्रीचे खालचे पाते टोकाशी चपटे व बोथट असते, आणि पाती मुठीपाशी वाकवलेली असतात, जेणेकरून टोक कातडीवरून सरकावे पण तिच्यात रुतू नये. कापण्याची दिशा बाहीच्या टोकाकडून गळ्याकडे, विजारीच्या पायाकडून कमरेकडे. शिवणीच्या बाजूने, पण शिवणीवरून नव्हे, कारण तेथे कापड दुहेरी असते आणि कात्री अडते. ही शेवटची खुबी मला एका विद्यार्थ्याने शिकवली. त्याचे वडील लातूरकडे शिंपीकाम करीत. नेफा, काठ, आडवा धागा, उभा धागा यांचे ज्ञान त्याला घरातच मिळालेले असल्याने सबंध वर्गात त्याच्याइतका चपळ हात कोणाचाच नव्हता.

साडीचे प्रकरण निराळे आहे. ती शिवलेली नसल्यामुळे कापण्याची गरजच काय, निऱ्या सोडल्या की झाले, असे शहाणपण दर तुकडीत एखादा तरी सुचवतो. परंतु कमरेभोवतीचा वेढा सोडवायचा म्हणजे देह उचलणे किंवा हलवणे आले, आणि मणका किंवा कटीचे हाड मोडलेले असण्याचा संशय असता नेमके तेच करावयाचे नसते. सबब एका बाजूने, घोट्यापासून कमरेपर्यंत, एकच सरळ रेघ कापायची, परकराची नाडी छेदायची आणि दोन्ही पदर पुस्तकाच्या पानांसारखे उघडायचे. नऊवारीचा कासोटा तर कापल्यावाचून सुटतच नाही.

मंगळसूत्र कापू नये. ते हुकाने काढून नातलगाच्या हाती, दोन साक्षीदारांदेखत द्यावे. बांगड्यांची मात्र घाई करावी लागते, कारण हात मोडला की सूज चढते आणि बांगडी व अंगठी यांचा फास होतो. काचेच्या हिरव्या बांगड्या फोडणे आपल्याकडे अशुभ मानतात. तेव्हा पंजावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी चढवून साबणाच्या पाण्याने त्या अलगद सरकवण्याची युक्ती आम्ही शिकवतो, आणि ती बहुधा साधते.

ज्या कपड्यात चाकूचे वा गोळीचे भोक आहे, तेथे त्या भोकाला वळसा घालून कापावे. ते भोक उद्या फौजदारापुढे साक्ष देणार असते. कापलेला कपडा झटकू नये, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत तर कोंबूच नये. ओले रक्त तेथे कुजते आणि मुद्देमाल निरुपयोगी होतो. कागदी पिशवी, वर नाव व वेळ, आणि ज्याच्या कबजात दिली त्याची पावती, एवढी खबरदारी पुरते.

आणि झाकणे! उघडण्याचा धडा इतका आवेशाने शिकवला जातो की झाकण्याचा विसर पडतो. देहाचे तापमान ३५ अंशांखाली उतरू लागले की रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. रक्तस्राव वाढला की देह आणखी थंडावतो, रक्तातील आम्लता वाढते, आणि तिन्ही अनर्थ एकमेकांना बळ देऊ लागतात. हे हिमालयातच घडते असे नाही. श्रावणातल्या पावसात भिजलेला दुचाकीस्वार वातानुकूलित रुग्णवाहिकेत उघडा ठेवला की आंबोलीच्या घाटातही घडते. म्हणून एक भाग उघडायचा, पाहायचा आणि कोरड्या ब्लँकेटखाली झाकून पुढे सरकायचे. यात लज्जारक्षणही आपोआप साधते. विद्यार्थ्यांचा संकोच मी उपदेशाने नव्हे तर या ब्लँकेटने घालवतो.

सरावाला कपडे कोठून आणायचे, हा प्रश्न पुण्याच्या जुन्या बाजाराने सोडवला. बुधवारी आणि रविवारी तेथे बोहारणींकडून आम्ही धोतरे, लुगडी, रेनकोट, जीनच्या विजारी ढिगाने घेतो. कापडाला पाठीमागे बिटाच्या रसाची जखम रंगवून विद्यार्थ्यालाच रुग्ण म्हणून निजवतो, आणि ज्याने पाठ पाहिली नाही त्याचे गुण पाठीमागेच राहतात. "कापायलाच नेताय, मग फाटकं चालंल की," असे एका बोहारणीने मला ऐकवले. पण फाटके चालत नाही, अंगावर असते तसे धडच लागते.

राहता राहिली भरपाई. देहाच्या हितासाठी, संमती देण्याच्या स्थितीत रुग्ण नसताना सद्भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नाही. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ९२ मध्ये जे होते ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये आहे. तेव्हा त्या तरुणाकडे वसुलीची आशा धरू नये. मात्र पैठणी घरी परत आली असल्यास ती पसरून तुकडे मोजावेत. काप एकच आणि सरळ असेल तर कुशल रफूगार काठाची जर जुळवून देईल, आणि मुलाचा हात तयार होता असेही समजावे. तुकडे तीनांहून अधिक भरले, तर पैठणी आमच्या वर्गाकडे धाडावी. बोहारणीच्या चालू दराने एक स्टीलचे पातेले सासूबाईंच्या नावे पाठवण्याची तजवीज मी जातीने करीन.