पोलीस कर्मचारी संघटना

पोलीस दलातील शिपाई, हवालदार, फौजदार इ. कर्मचाऱ्यांच्या सेवाविषयक हितसंबंधांचे रक्षण करणारी व त्यांच्या वतीने शासनाकडे मागण्या मांडणारी संस्था. वेतन, कामाचे तास, रजा, निवासस्थान, बढती, बदली, शिस्तभंगाची कारवाई, तसेच कर्तव्य बजावताना येणारे अपंगत्व किंवा मृत्यू, हे अशा संघटनेचे नित्याचे विषय होत. तिचे कामगार-संघाशी बरेच साम्य असले, तरी एक मूलभूत फरकही आहे. गिरणी बंद पडल्यास मुख्यतः मालक व कामगार यांचे नुकसान होते. पोलिसांनी काम थांबविल्यास मूळ वादाशी काहीही संबंध नसलेल्या नागरिकाचे जीवित व वित्त धोक्यात येते. शिवाय पोलीस सशस्त्र असतात आणि इतरांचे संप व मोर्चे यांच्या वेळी त्यांनी तटस्थ राहावे, अशी अपेक्षा असते. या कारणांमुळे बहुतेक देशांनी पोलिसांच्या संघटनांवर काही ना काही निर्बंध घातले आहेत. तथापि संघटित होण्याचा हक्क आणि संप करण्याचा हक्क हे दोन भिन्न हक्क आहेत. दुसरा नाकारताना पहिल्याचे काय करावयाचे, या प्रश्नाभोवतीच पोलीस संघटनांचा इतिहास फिरतो.

कामठीचे उदाहरण : कायद्याने याबाबतीत केलेली वर्गवारी नागपूर जिल्ह्यातील कामठी या एकाच गावावरून स्पष्ट होते. नागपूरच्या ईशान्येस सु. १५ किमी. वर कन्हान नदीकाठी वसलेल्या या गावी १८२१ मध्ये लष्करी छावणी स्थापन झाली. ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌स या पायदळ रेजिमेंटचे केंद्रही येथे आहे. गावात विडी वळण्याचा धंदा वाढला आणि विडी कामगारांची संघटना उभारण्यात कामठीचेच बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे (१९०४–३९) यांनी पुढाकार घेतला. ते १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून आले. विडी कामगारास १९२६ च्या कामगार-संघ अधिनियमाने संघ नोंदविण्याचा मार्ग मोकळा झाला होता आणि स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य मूलभूत हक्क म्हणून दिले. छावणीतील सैनिकास १९५० च्या सेना अधिनियमान्वये हा हक्क निर्बंधित स्वरूपातच आहे. नागपूर पोलीस आयुक्तालयाच्या अखत्यारीतील जुनी कामठी व नवी कामठी या ठाण्यांतील शिपाई या दोहोंच्या मधोमध उभा आहे. तो बराकीत नव्हे, तर वस्तीत राहतो, आपल्या शेजाऱ्यांप्रमाणेच घरभाडे, मुलांच्या शाळा आणि महागाई यांची चिंता वाहतो. परंतु संघटनेच्या बाबतीत कायदा त्याला सैनिकाच्या जवळ नेऊन बसवितो.

विदेशांतील परंपरा : पोलीस संघटनांचा आधुनिक इतिहास पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपासून सुरू होतो. इंग्लंडमध्ये १९१३ साली स्थापन झालेल्या पोलिसांच्या संघास मान्यता नव्हती. युद्धकाळातील महागाईने गांजलेल्या लंडनच्या पोलिसांनी ऑगस्ट १९१८ मध्ये संप केला व सरकारने वेतनवाढ देऊन तो मिटविला. त्यानंतर लॉर्ड डेझबरो यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने पोलिसांच्या वेतनात भरीव सुधारणा सुचविल्या. १९१९ च्या पोलीस अधिनियमाने संप व कामगार-संघाचे सदस्यत्व यांना बंदी घातली आणि त्याच वेळी ‘पोलीस फेडरेशन’ ही वैधानिक प्रतिनिधिसंस्था निर्माण केली. १९१९ च्या ऑगस्टमध्ये लंडन, लिव्हरपूल इ. ठिकाणी पुन्हा संप झाला. त्यात सामील झालेले पोलीस बडतर्फ झाले व त्यांना परत घेण्यात आले नाही. संपाचा हक्क काढून घेताना बोलण्याची अधिकृत जागा देणे, हे या तोडग्याचे सूत्र होय.

अमेरिकेत सप्टेंबर १९१९ मध्ये बॉस्टन येथील ११०० हून अधिक पोलिसांनी संघ स्थापण्याच्या हक्कासाठी संप केला. शहरात लुटालूट झाली, राज्यपाल कॅल्व्हिन कूलिज यांनी सैनिकी दल बोलाविले आणि संपकऱ्यांच्या जागी नवी भरती करण्यात आली. या घटनेने तेथील पोलीस संघांची चळवळ कित्येक दशके मागे पडली. १९६० नंतर मात्र अनेक राज्यांत सामुदायिक वाटाघाटींना कायदेशीर आधार मिळाला व हे संघ प्रबळ झाले. २०२० मध्ये मिनीॲपोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाल्यानंतर, संघांनी केलेल्या करारांमुळे दोषी पोलिसांवर कारवाई करणे अवघड होते, ही टीका तीव्र झाली. जर्मनीत १९५० पासून पोलिसांचा स्वतंत्र संघ कार्यरत आहे. फ्रान्समध्ये पोलिसांना संघ स्थापता येतो, पण संप करता येत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९४८ च्या ८७ क्रमांकाच्या करारात संघटनास्वातंत्र्याची हमी आहे. ती पोलिसांना कितपत लागू करावी, हे मात्र प्रत्येक देशाच्या कायद्यावर सोपविले आहे. भारताने या करारास अनुसमर्थन दिलेले नाही.

भारतातील कायदेशीर स्थिती : ब्रिटिश अमदानीत १९२२ साली पोलिसांमध्ये अप्रीती चेतविणे हा गुन्हा ठरविणारा अधिनियम झाला. त्यातही शासनमान्य पोलीस संघटनेने मंजूर नियमांनुसार व सद्‌भावनेने केलेल्या कृतीला अपवाद ठेवला होता. म्हणजे पोलिसांची संघटना असू शकते, ही कल्पना त्या काळच्या कायद्यालाही अपरिचित नव्हती. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर बिहारमध्ये शिपायांची संघटना उभी राहिली. तिचे नेते रामानंद तिवारी पुढे समाजवादी पुढारी व राज्याचे मंत्री झाले.

संविधानाच्या ३३ व्या अनुच्छेदान्वये सशस्त्र सेना आणि सार्वजनिक सुव्यवस्था राखणारी दले यांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेस आहे. त्यानुसार १९६६ मध्ये पोलीस दले (हक्कांवरील निर्बंध) अधिनियम संमत झाला. त्यान्वये पोलिसास पूर्वपरवानगीशिवाय कोणत्याही कामगार-संघाचे वा राजकीय संस्थेचे सदस्य होता येत नाही. दलाचा भाग म्हणून मान्यता नसलेल्या अन्य संस्थेतही, ती निव्वळ सामाजिक, करमणुकीची किंवा धार्मिक असल्याखेरीज, सामील होता येत नाही. वृत्तपत्रांशी संपर्क व राजकीय स्वरूपाच्या सभा-निदर्शनांतील सहभाग यांवरही बंधने आहेत. उल्लंघनास दोन वर्षांपर्यंत कारावास, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दिल्लीच्या अराजपत्रित पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघाने या अधिनियमास दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये फेटाळले.

या अधिनियमाने संघटनेवर सरसकट बंदी घातलेली नाही, तर ती परवानगीवर अवलंबून ठेवली आहे, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. परिणामी, शासनाने मान्यता दिली तर संघटना कायदेशीर आणि ती काढून घेतली की तिचे सदस्यत्व हाच गुन्हा, अशी तिची अवस्था होते. केरळात शिपाई-हवालदारांची आणि अधिकाऱ्यांची अशा मान्यताप्राप्त संघटना १९७९ पासून अस्तित्वात आल्या व त्यांची राज्य संमेलने भरतात. भारतीय पोलीस सेवेतील वरिष्ठ अधिकाऱ्यांचाही स्वतंत्र संघ आहे. ज्यांची गाऱ्हाणी सर्वाधिक, त्या कनिष्ठ कर्मचाऱ्यांना मात्र अनेक राज्यांत असे व्यासपीठ नाही.

आंदोलने : एप्रिल १९६७ मध्ये दिल्लीच्या पोलिसांनी निदर्शने केली. मे १९७३ मध्ये उत्तर प्रदेशातील प्रांतीय सशस्त्र दलात बंड झाले. ते शमविण्यासाठी लष्कर आणावे लागले आणि मुख्यमंत्री कमलापती त्रिपाठी यांना पदत्याग करावा लागला. १९७७ मध्ये केंद्र शासनाने धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला. फेब्रुवारी १९७९ मध्ये सादर झालेल्या त्याच्या पहिल्याच अहवालात शिपायांचे वेतन, निवास, अधिकाऱ्यांच्या घरी राबविण्याची अर्दली पद्धत आणि गाऱ्हाणी दूर करणारी यंत्रणा यांचा विचार केला होता. शिपाई हा केवळ हुकूम पाळणारा यंत्रवत नोकर नसून विचाराने काम करणारा कुशल कर्मचारी आहे, या दृष्टीने त्याची भरती, प्रशिक्षण व वेतन ठरवावे, असा त्याचा आशय होता. अहवालावर कृती होण्यापूर्वीच मे महिन्यात पंजाबात पोलिसांचे आंदोलन सुरू झाले आणि ते इतर राज्यांत व केंद्रीय दलांतही पसरले. जूनमध्ये बोकारो येथे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान व लष्कर यांच्यात गोळीबार होऊन प्राणहानी झाली. तेथील बडतर्फींसंबंधीच्या प्रकरणांत, चौकशीविना बडतर्फ करण्याच्या संविधानातील तरतुदीचा वापर सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये वैध ठरविला.

मुंबईतील उद्रेक (१९८२) : महाराष्ट्रात पोलीस कर्मचाऱ्यांची मान्यताप्राप्त संघटना होती. कामाचे अनिश्चित तास, चाळींतील अपुरी घरे, वेतन आणि वरिष्ठांची वागणूक या तिच्या तक्रारी होत्या. जानेवारी १९८२ पासून मुंबईत गिरणी कामगारांचा संप चालू होता व त्याच्या बंदोबस्ताचा ताण पोलिसांवर पडला होता. गिरणगावात पोलीस व कामगार एकमेकांचे शेजारीही होते. त्या वर्षीच्या स्वातंत्र्यदिनी अनेक पोलिसांनी काळ्या फिती लावल्या. मुख्यमंत्री बाबासाहेब भोसले यांच्या शासनाने संघटनेची मान्यता काढून घेतली व तिच्या नेत्यांना अटक केली. १८ ऑगस्ट रोजी नायगाव, वरळी इ. भागांतील पोलीस रस्त्यावर उतरले. त्यांत इतर जमावही मिसळला. जाळपोळ व लुटालूट झाली, लोकल गाड्या अडविण्यात आल्या आणि काही जणांना प्राण गमवावे लागले. लष्कर व निमलष्करी दले यांनी शहराचा ताबा घेतला. अनेक पोलीस बडतर्फ झाले. ज्यांच्यावर शहराच्या रक्षणाची जबाबदारी होती, त्यांच्याच कृतीमुळे नागरिक एका दिवसात असुरक्षित झाले, ही या घटनेची गंभीर बाजू होय. मान्यता रद्द झाल्याने बोलणी करण्यास अधिकृत प्रतिनिधीच उरला नाही, ही तिची दुसरी बाजू होय.

पर्यायी यंत्रणा : संघटनेच्या अभावी महाराष्ट्रातील पोलिसास आपली गाऱ्हाणी मुख्यतः वरिष्ठांपुढे भरणाऱ्या दरबारात किंवा अर्जाद्वारे मांडावी लागतात. घरांसाठी १९७४ मध्ये स्वतंत्र गृहनिर्माण महामंडळ स्थापन झाले; आजारपण, शिक्षण इ. गरजांसाठी कल्याण निधी आहे. बदली, बढती व शिक्षा यांविरुद्ध महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. त्याचे एक खंडपीठ नागपूर येथे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह प्रकरणात दिलेल्या आदेशांनंतर बदल्या व नेमणुकांसाठी पोलीस आस्थापना मंडळे अस्तित्वात आली. या सर्व मार्गांची एक मर्यादा समान आहे : ते एकेकट्या कर्मचाऱ्यास उपलब्ध आहेत. बदली अन्यायाची आहे हे एक शिपाई न्यायाधिकरणापुढे सिद्ध करू शकतो. ठाण्यातील मनुष्यबळ अपुरे आहे किंवा पाळी फार लांब आहे, ही सर्वांची तक्रार मांडण्यास मात्र तो एकटा अपुरा पडतो.

कामाच्या तासांचा प्रश्न या दृष्टीने उद्‌बोधक आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या २८ व्या कलमान्वये पोलीस सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले जाते. त्यामुळे पाळीला कायदेशीर शेवट नाही. मुंबईतील देवनार ठाण्यात २०१६ मध्ये आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला व पुढे तो इतरत्र नेण्यात आला. त्याची योजना त्या ठाण्यातील एका शिपायानेच मांडली होती. २०२१ मध्ये नागपूर शहर पोलीस दलात महिला पोलिसांसाठी आठ तासांची पाळी लागू झाली. खालून आलेली सूचना ऐकून घेणारा अधिकारी असेल, तर शिस्तीला धक्का न लागता सुधारणा होऊ शकते, हे यावरून दिसते; परंतु ती त्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर व कारकीर्दीवर अवलंबून राहते.

मूल्यमापन : पोलीस संघटनांविरुद्धचे आक्षेप दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. सशस्त्र दलात दुहेरी निष्ठा निर्माण होणे, पक्षीय राजकारणाचा शिरकाव, वरिष्ठांच्या आज्ञेचे मोल कमी होणे आणि गैरवर्तन करणाऱ्या सहकाऱ्यास पाठीशी घालणे, हे धोके अनुभवसिद्ध आहेत. संपाचा हक्क नाकारणे त्यामुळे समर्थनीय ठरते. परंतु संघटना नसल्याने असंतोष नाहीसा होत नाही, हेही तितकेच अनुभवसिद्ध आहे. २०१६ मध्ये कर्नाटकातील पोलिसांनी सामूहिक रजेची हाक दिली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये वकिलांशी झालेल्या संघर्षानंतर दिल्लीचे पोलीस आपल्याच मुख्यालयासमोर जमले. अधिकृत प्रतिनिधी नसता असंतोष अशा आकस्मिक रूपाने प्रकट होतो. ज्या शिपायास सोळा तासांनंतरही घरी जाता येत नाही, त्याच्याकडून ठाण्यात आलेल्या तक्रारदाराला सौजन्य व न्याय मिळणेही दुरापास्त असते. म्हणून हा प्रश्न केवळ पोलिसांचा नाही. संप व पक्षीय राजकारण यांस मनाई, वादांसाठी लवाद, गुन्हेगारी स्वरूपाच्या गैरवर्तनास संरक्षण नाही आणि मान्यता देण्या-काढण्याची कारणे कायद्याने निश्चित, अशा चौकटीतील प्रतिनिधिसंस्था हा दोन टोकांमधील व्यवहार्य मार्ग होय.