व्होल्वोचं इंजिन एकेकाळी प्रवाशांच्या पायाखाली होतं, मग ते मागे का गेलं?

आपल्याकडे महागड्या एसी बसला सरसकट 'व्होल्वो' म्हणतात. हे नाव रुळलं ते २००१ मध्ये भारतात आलेल्या बी७आर या मॉडेलमुळे. तिचं इंजिन मागे असतं. पण त्याआधी दोन दशकांहून जास्त काळ जगभर व्होल्वोची ओळख होती ती बी१०एम. तिचं इंजिन होतं बसच्या पोटात, दोन चाकजोड्यांच्या मधे.

इंजिन मधे कशासाठी?

जुन्या एसटीत ड्रायव्हरशेजारी तापणारं, खडखडणारं इंजिन तुम्हाला आठवत असेल. त्याने पुढची जागा अडते. १९७८ मध्ये आलेल्या बी१०एमच्या चॅसिसमध्ये ९.६ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन आडवं निजवून फ्लोअरखाली बसवलं होतं. त्यामुळे पुढच्या चाकाच्याही पुढे, थेट ड्रायव्हरजवळ दार करता आलं आणि वजन दोन्ही चाकजोड्यांवर विभागलं गेलं. ही कल्पना नवी नव्हती. व्होल्वोच्याच आधीच्या बी५८ चॅसिसमध्ये ती होती.

जोडबसला फायदा

मधल्या इंजिनाचा खरा उपयोग दिसला लांब जोडबसमध्ये. पुढचा डबा स्वतः चालतो आणि मागचे डबे नुसते ओढले जातात. इंजिन शेवटच्या डब्यात असेल तर तो पुढच्यांना ढकलतो आणि वळणावर सांधा दुमडू नये म्हणून वेगळी यंत्रणा लागते. ब्राझीलमधल्या कुरिचिबा शहरात १९९२ पासून धावू लागलेल्या तीन डब्यांच्या बसही व्होल्वोच्या मधल्या इंजिनाच्या चॅसिसवरच होत्या.

मग अडलं कुठे?

पायऱ्यांवर. खाली इंजिन असल्याने फ्लोअर उंच, म्हणून चढायला पायऱ्या आल्याच. १९९० च्या दशकात युरोपातल्या शहरांना लो-फ्लोअर बस हव्या होत्या. व्हीलचेअरवरच्या प्रवाशाला, म्हाताऱ्या माणसाला, बाबागाडी घेतलेल्या आईला कुणाच्या मदतीशिवाय चढता यावं, ही त्यामागची मागणी. फ्लोअरखालचं इंजिन हलवल्याशिवाय ते शक्य नव्हतं. कुरिचिबात ही अडचण आली नाही, कारण तिथले स्टॉपच बसच्या फ्लोअरइतके उंच बांधलेले आहेत.

बी१०एमचं उत्पादन २००३ च्या सुमारास थांबलं. तोवर मधल्या इंजिनाची बी१२एम आली होती, पण शहरी बसमध्ये इंजिन बहुतेक करून मागे सरकलं. म्हणजे यंत्र म्हणून बी१०एम कमी पडली नव्हती. बसमध्ये कुणाकुणाला चढता आलं पाहिजे, याचं उत्तर बदललं होतं.