दुकान मिटलें, पण हिशेब मिटेना

दुकानांत बिलें करणारा संगणकाचा प्रोग्राम रात्रीं नीट बंद न होणें, ही गोष्ट वरवर पाहतां क्षुल्लक वाटते. पण एकत्र कुटुंबांत जेथें गल्ला एकाच्या हातीं, संगणक दुसऱ्याच्या हातीं आणि रोजमेळ तिसऱ्याच्या नजरेखालीं असतो, तेथें तिच्यापायीं घरांतल्या माणसांचीं मनें कलुषित होऊं शकतात, हें फारसें कोणी ध्यानांत घेत नाहीं. म्हणून ह्या लेखांत त्या दोषाची चौकशी जरा सविस्तर करण्याचें योजिलें आहे.

सावनेरसारखें तालुक्याचें गांव घेऊं. नागपूरच्या उत्तरेस छिंदवाड्याच्या रस्त्यावरचें, कापसाचें आणि संत्र्यांचें हें गांव मराठी वाचकांस दुसऱ्याही एका कारणानें ठाऊक आहे. राम गणेश गडकरी ह्यांनीं २३ जानेवारी १९१९ रोजीं येथेंच देह ठेविला, आणि त्यांचें ‘राजसंन्यास’ अपुरें राहिलें. नाटक अपुरें राहिलें तरी रसिक तें आवडीनें वाचतात. रोजमेळाची गोष्ट तशी नाहीं. त्यांतून १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर लागू झाला, आणि वर्षभराच्या बिलांचे क्रमांक ओळीनें व एकमेकांपासून निराळे असलेच पाहिजेत असा दंडक आला. तेव्हां अशा गांवांतल्या किराणा मालाच्या किंवा औषधांच्या लहानशा दुकानासही संगणकाचा आश्रय करणें सोयीचें झालें.

प्रथम बंद होणें म्हणजे काय तें समजून घेऊं. रात्रीं नऊ वाजतां घरांतील मुलगा पडद्यावरच्या फुलीवर टिचकी मारतो, चौकट नाहींशी होते आणि तो दिवे मालवून निघतो. परंतु चौकट नाहींशी होणें आणि काम संपणें ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. चौकटीमागें त्या प्रोग्रामला बरींच कामें उरकावयाचीं असतात: शेवटचीं बिलें लिहून टाकणें, प्रिंटरचा, गल्ल्याच्या पेटीचा आणि बारकोड वाचणाऱ्या यंत्राचा ताबा सोडणें, दिवसाच्या नोंदींची प्रत दूरच्या संगणकाकडे धाडणें, आणि सर्वांत शेवटीं हिशेबाच्या फाइलीला लावलेलें कुलूप काढणें. ह्यांपैकीं एक काम जरी अडलें तरी पुढचीं सारीं खोळंबूं शकतात. प्रिंटर कोणी आधींच बंद केलेला असतो. प्रोग्राम त्याच्या उत्तराची वाट पाहत बसतो. इंटरनेट गेलेलें असतें. प्रत धाडणारा भाग ताटकळत राहतो. पडद्यावर कांहींच दिसत नाहीं, आणि आंत कुलूप तसेंच लागलेलें असतें. मग प्रोग्राम पुन्हां सुरू करूं गेल्यास तो सुरूच होत नाहीं, किंवा ‘फाइल वापरांत आहे’ एवढें सांगून गप्प बसतो. अधीर माणूस दहा वेळां टिचक्या मारतो आणि गोंधळ वाढवितो.

आपल्याकडील जुन्या पेढ्यांवर कच्ची वही आणि पक्की वही अशा दोन वह्या असत. हातघाईच्या वेळीं व्यवहार कच्च्या वहींत टिपावयाचा आणि सवडीनें पक्क्या वहींत चढवावयाचा. संगणकांतील चांगले हिशेबी प्रोग्राम फार करून हीच रीत पाळतात. मध्येंच वीज गेली, तर पुढच्या वेळीं प्रोग्राम आपली कच्ची वही वाचतो आणि अपुरा व्यवहार एक तर पुरा करतो, नाहीं तर मुळींच रद्द करतो. अर्धा ठेवीत नाहीं. म्हणून ‘जर्नल’, ‘वॉल’ किंवा ‘लॉग’ अशा नांवाची फाइल दिसली आणि ‘हीच अडविते’ असें म्हणून कोणी शहाण्यानें ती पुसून टाकली, तर त्यानें कच्ची वही चुलींत घातली असें समजावें. आमच्या मतें ह्या आगंतुक वैद्यांपासून दुकानास जितका उपद्रव होतो, तितका वीज जाण्यापासूनही होत नाहीं.

मग करावें काय? पहिली गोष्ट, संगणकाची वीज तोडूं नये. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबल्या म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. त्यांत चालू असलेल्या प्रोग्रामांची यादी असते. आपला प्रोग्राम तेथें आढळला तर त्याच्यासमोरील प्रोसेसरचे आणि डिस्कचे आंकडे पाहावे. ते हलत असतील तर तो काम करीत आहे. त्यास करूं द्यावें. दहा मिनिटें ते शून्यावर खिळलेले असतील तर प्रिंटर सुरू करावा, इंटरनेट तपासावें, आणि दुसऱ्या टेबलावरील संगणकांत तोच हिशेब उघडा आहे कीं काय तें विचारावें. कित्येकदां एवढ्यानेंच अडलेलें काम सुटतें. न सुटलें तरच ‘एंड टास्क’ करावें, आणि पुन्हां उघडण्यापूर्वीं हिशेबाच्या सबंध फोल्डरची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवावी.

संगणक रात्रीं बंद करून सकाळीं सुरू केला तरी खोडी तशीच, अशीही तक्रार ऐकूं येते. ह्याचें एक कारण फारसें कोणाला ठाऊक नसतें. विंडोजच्या आठव्या आवृत्तीपासून बहुतेक संगणक ‘शट डाउन’ म्हटल्यावर पुरते बंद होत नाहींत. आपल्या मूळ भागाची स्थिति डिस्कवर टिपून ठेवितात आणि सकाळीं तीच उचलतात. प्रिंटर चालविणारा भाग अडलेला असेल तर तो अडलेलाच जागा होतो. ‘रिस्टार्ट’ म्हटल्यानें मात्र सारें नव्यानें मांडलें जातें. आणि चौकट उघडी असतांनाच प्रोग्राम वरचेवर थिजत असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्यें १००२ क्रमांकाची नोंद शोधावी. थिजण्याची वेळ तेथें सांपडते, आणि ती नेमकी प्रत काढण्याच्या वेळेशीं जुळली तर दोष कोठें आहे हें अर्धें कळल्यासारखेंच आहे.

आतां मुख्य गोष्ट. कुलूप अडकलेल्या रात्रीं एखादें बिल दोनदां चढूं शकतें किंवा मुळींच चढत नाहीं. गिऱ्हाइकाचे पैसे मात्र यूपीआयनें बँकेंत पोंचलेले असतात. सकाळीं काकांना तीनशें रुपयांची तूट दिसते. यंत्र खोटें बोलत नाहीं, अशी त्यांची श्रद्धा. मग खोटें कोण बोलतो? पुतण्या, नवी सून किंवा दुकानांतला नोकर!

ही श्रद्धा कोठवर नेते तें ब्रिटनमध्यें दिसलें. तेथील पोस्टानें १९९९ पासून आपल्या शाखांतून ‘होरायझन’ नांवाची हिशेबाची यंत्रणा बसविली. तिनें तूट दाखवावी आणि शाखाचालकानें ती भरून द्यावी, नाहीं तर चोर ठरावें, असा क्रम पंधरा वर्षें चालला. नऊशेंहून अधिक माणसें दोषी ठरलीं. स्कॉटलंडांतील फॅल्कर्क येथील कॅलेंडर स्क्वेअर शाखेंत सांपडलेला दोष तर आपल्या विषयाशीं अगदीं सख्खा आहे: यंत्रणेंतलें एक कुलूप वेळेवर सुटत नसे, त्यामुळें नोंदी जुळेनात आणि नसलेली तूट दिसे. सीमा मिश्रा ह्या भारतीय वंशाच्या शाखाचालक बाईंना नोव्हेंबर २०१० मध्यें, गरोदर असतां, पंधरा महिन्यांची कैद झाली. यंत्रणेंत दोष होते हें उच्च न्यायालयानें डिसेंबर २०१९ मध्यें मान्य केलें. बाईंवरचा कलंक पुसला गेला तो एप्रिल २०२१ मध्यें.

ह्यासाठीं रोज रात्रीं प्रोग्राम बंद करण्यापूर्वीं पांच आंकडे साध्या वहींत हातानें लिहावे: दिवसाची एकूण विक्री, सकाळची शिल्लक वगळून गल्ल्यांतील रोकड, यूपीआयनें बँकेंत आलेली रक्कम, उधारी, आणि शेवटच्या बिलाचा क्रमांक. खालीं दोघांनीं सह्या कराव्या. सकाळीं संगणकावरचा शेवटचा क्रमांक आणि एकूण विक्री वहीशीं ताडून पाहावी. तीं दोन्ही जुळत नसतील तर घरांत कोणास कांहीं विचारण्याआधीं प्रोग्राम विकणाऱ्यास फोन लावावा. तो बहुधा ‘नव्यानें बसवून देतों’ म्हणेल. त्यास हात लावूं देण्यापूर्वीं जुन्या हिशेबाची प्रत आपल्याजवळ घ्यावी, आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडते कीं नाहीं तें त्याच्यादेखत पाहावें.