धोकटीतला वस्तरा भंगारात घालू नका

दिवाळीच्या आधी घरे झाडूनपुसून निघतात आणि माळ्यावरचे जुनेपाने अंगणात येते. फुटका कंदील, मूठ नसलेला विळा, आणि एखाद्या घरी लाकडी पेटीत ठेवलेले दोन-तीन वस्तरे. भंगारवाला सगळे एकाच काट्यावर टाकून किलोच्या भावाने नेतो. पितळेची घागर निदान आजीबाई अडवून धरतात; वस्तऱ्याला कोणी विचारत नाही. मनमाड-नांदगावच्या बाजूला फिरतीवर असताना हे पुष्कळदा पाहिले, म्हणून आज पीकपाण्याचे राहू द्या, या पेटीचे ऐका.

न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर घरोघरची हजामत करायची आणि सुगीत खळ्यावर धान्याचे बलुते घ्यायचे, असा व्यवहार. वस्तरे, कातर, चिमटा, नराणी, वाटी, आरसा, धारेचा दगड आणि चामड्याचा पट्टा, एवढा संसार त्याच्या धोकटीत असे. संत सेना महाराजांनी याच हत्यारांच्या रूपकातून परमार्थ सांगितला. याच वस्तऱ्याने विधवांची डोकीही भादरली गेली. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी हे काम आम्ही करणार नाही असे ठरवले. शिकलेली मंडळी शास्त्रार्थाचा वाद घालत होती, तेव्हा हातावर पोट असलेल्या माणसांनी वस्तरा खाली ठेवला. असे हत्यार घरात असल्याची लाज कसली बाळगायची?

आता वस्तरा ओळखायचा कसा ते पाहू. पाते आणि मूठ जिथे जोडली आहे, त्या पात्याच्या बुडाशी शिक्का असतो. तिथे बहुधा इंग्लंडातील शेफील्ड किंवा जर्मनीतील सोलिंगेन हे नाव सापडेल. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला, मनमाड जंक्शन झाले, आणि मुंबई बंदरात उतरलेल्या विलायती मालाला आतल्या बाजारपेठांची वाट मोकळी झाली. मुकुटाखाली इंग्रजी व्ही आर ही अक्षरे असतील तर ती व्हिक्टोरिया राणीची खूण, म्हणजे १८३७ ते १९०१ चा काळ. मालावर देशाचे नाव घालण्याचे कायदे १८८७ नंतर आले, म्हणून 'जर्मनी' किंवा 'इंग्लंड' असे लिहिलेला वस्तरा बहुधा त्यानंतरचा. लोहाराने घडवलेल्या जाड पात्यावर शिक्का नसतो. शौकीन लोक त्याला किंमत देत नाहीत. माझ्या मते तोच अधिक जपावा, कारण विलायती वस्तरे जगभर सापडतात.

युरोपात सात वस्तऱ्यांची पेटीही मिळे. प्रत्येक पात्याच्या पाठीवर एकेका वाराचे नाव, आणि पेटीत प्रत्येकाला स्वतंत्र खाच. एकदा वापरलेल्या धारेला आठवडाभर विश्रांती मिळावी हा हेतू. अशी पेटी हाती आली तर पाती वेगळी आणि पेटी वेगळी करू नका. वस्तरे काढून पेटीत दागिने ठेवण्याची हौस नको.

गंज दिसला की आपला हात पॉलिश पेपरकडे जातो. तो आवरा! पेपरने गंजाबरोबर शिक्काही जातो. फडक्यावर थोडे रॉकेल घेऊन, धारेपासून पाठीकडे हात नेत पुसावे, कोरडे करावे आणि शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्यावा. गोडे तेल नको, ते चिकट होऊन धूळ धरते. चामड्याच्या म्यानात ठेवू नये, चामडे ओल धरते. धान्याच्या कणगीत आपण वाळलेला कडुनिंबाचा पाला घालतो, तो इथे घालू नये. पाला जरा ओलसर राहिला की पात्याला डाग पडलाच. पेटीला बारीक भोके पडून पिठासारखा भुसा गळत असेल तर भुंगेरे लागले समजा. आपल्या गव्हातला दाणे पोखरणारा एक भुंगेराही लाकूड पोखरणाऱ्यांच्याच कुळातला आहे. पेटी कडक उन्हात तडकते, म्हणून सावलीतच उघडी ठेवून हवा द्या.

मुठीकडेही पाहा. शिंगाची मूठ कीड खाते. सेल्युलॉइडची मूठ जुनी झाली की चिरफळते आणि तिच्यातून निघणाऱ्या आम्लाने शेजारची पातीही गंजतात. असा वस्तरा वेगळा ठेवावा, विस्तवापासून दूर, कारण सेल्युलॉइड भडकन पेटते. मूठ हस्तिदंती असेल तर ती विकायच्या फंदात पडू नका, वन्यजीव कायद्याने हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे. या वस्तऱ्याने दाढी तर मुळीच करू नये. कावीळ, एड्ससारखे रोग रक्तातून पसरतात, म्हणूनच आता सलूनमध्ये दर गिऱ्हाइकाला नवे ब्लेड लावतात. गंजक्या पात्याने हात कापला तर जखम साबणाने धुऊन धनुर्वाताच्या सुईसाठी दवाखाना गाठावा.

पुण्याच्या काकासाहेब केळकरांनी (१८९६-१९९०) दिवे, अडकित्ते, वज्री अशा घरगुती वस्तू जमवल्या. त्यांतूनच आजचे राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे राहिले. आपल्याला एवढा पसारा नको. एक चिठ्ठी पेटीत ठेवली तरी पुष्कळ: वस्तरा कोणाचा, किती घरांचे काम होते, कोणकोणत्या वाड्या-वस्त्यांवर फिरायचे, बलुत्याला बाजरी मिळे की ज्वारी, आणि किती पायल्या. ज्यांना हे ठाऊक आहे ती माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. दिवाळीला घरी याल तेव्हा कागद-पेन्सिल घेऊनच त्यांच्याजवळ बसा.