नवी गाडी महाग का? 'कॅफे' नियमाचं गणित समजून घ्या

नवी गाडी बघायला गेलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: "अ‍ॅव्हरेज किती देते?" हाच प्रश्न सरकारही कंपन्यांना विचारतं आणि त्याच्या उत्तराचा परिणाम किमतीवर होतो. या नियमाला 'कॅफे' म्हणतात. कॉफीशी काही संबंध नाही, 'कॉर्पोरेट अ‍ॅव्हरेज फ्युएल इकॉनॉमी'ची ही आद्याक्षरं आहेत.

नियम काय आहे?

भारतात हा नियम २०१७-१८ पासून लागू झाला. २०२२-२३ पासून तो आणखी कडक झाला: किलोमीटरमागे १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची मर्यादा ११३ ग्रॅमवर आली. पेट्रोलच्या भाषेत सांगायचं तर साधारण १८ ऐवजी २१ किलोमीटर प्रतिलिटर, तेही प्रयोगशाळेतल्या चाचणीत.

अनेक जण कॅफे आणि बीएस-६ यांची गल्लत करतात. बीएस-६ नियम धुरातल्या विषारी वायूंसाठी आणि कणांसाठी आहे, आणि तो प्रत्येक गाडीला पाळावाच लागतो. कॅफे मात्र कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांची सरासरी बघतो.

सरासरीची गंमत

समजा, एका कंपनीने ९५ ग्रॅमच्या दोन छोट्या गाड्या विकल्या आणि १६० ग्रॅमच्या दोन एसयूव्ही. बेरीज ५१०, भागिले ४, म्हणजे १२७.५. कंपनी नापास! आता तिने एक इलेक्ट्रिक गाडीही विकली. नियमात ती शून्य ग्रॅमची धरतात आणि वर एकीच्या तीन मोजतात. मग तेच ५१० भागिले ७, म्हणजे जवळपास ७३. कंपनी आरामात पास. प्रत्यक्षात गाड्यांच्या सरासरी वजनानुसार प्रत्येक कंपनीची मर्यादा थोडी बदलते, पण तत्त्व हेच.

कंपन्या इलेक्ट्रिक, हायब्रिड आणि सीएनजी मॉडेल्सवर एवढा जोर का देतात, त्यामागचं एक मोठं कारण हे आहे.

नापास झालं तर?

२०२२ च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्ती कायद्यात दंड स्पष्ट लिहिलाय. १०० किलोमीटरमागे ०.२ लिटरपर्यंत जास्त इंधन लागलं, तर त्या वर्षी विकलेल्या प्रत्येक गाडीमागे २५,००० रुपये. त्याहून जास्त लागलं तर ५०,०००. कंपनीने एक लाख गाड्या विकल्या असतील तर कमी दरानेही २५० कोटी होतात! त्यापेक्षा इंजिन सुधारणं परवडतं. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणं, छोटी हायब्रिड बॅटरी, हलकी बॉडी, कमी घर्षणाचे टायर हे सगळं त्यातूनच येतं. हा खर्च शेवटी बऱ्याच अंशी आपल्याच बिलात येतो. अर्थात किंमतवाढीचं सगळं खापर कॅफेवर फोडता येणार नाही; बीएस-६, सुरक्षेचे नियम आणि कच्च्या मालाचे भावही त्यात आहेत.

मग आपला फायदा की तोटा?

मी एक साधा हिशेब मांडतो. वर्षाला १०,००० किलोमीटर गाडी चालते आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे असं धरा. १८ चं अ‍ॅव्हरेज असेल तर ५५६ लिटर लागतं, २१ चं असेल तर ४७६. म्हणजे ८० लिटर, सुमारे ८,४०० रुपये वाचले. या तंत्रज्ञानामुळे गाडी ४०,००० ने महागली असेल, तर पैसे वसूल व्हायला पाच वर्षं लागतील. रोज लांब ऑफिसला जाणाऱ्याला हे परवडतं. पण फक्त शनिवार-रविवारी गाडी काढणारा वर्षाला ५,००० किलोमीटर चालवत असेल, तर त्याला जवळपास दहा वर्षं थांबावं लागेल.

म्हणूनच मला वाटतं, या नियमाचा खरा चटका पहिली छोटी गाडी घेणाऱ्याला बसतो. वीस लाखांच्या गाडीत ४०,००० लपून जातात, पाच लाखांच्या गाडीत ते थेट ईएमआयमध्ये दिसतात. पुढच्या टप्प्यात छोट्या गाड्यांना वेगळी सवलत द्यायची की नाही, यावर कंपन्यांमध्ये वाद झाला तो यामुळेच.

तेव्हा शोरूममध्ये जाण्याआधी मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा. तुमचे वर्षाचे किलोमीटर टाका, दोन व्हेरियंटमधला किमतीचा फरक टाका आणि तो किती वर्षांत वसूल होतो ते बघा. तेवढी वर्षं गाडी ठेवणार असाल, तरच महागडं व्हेरियंट घ्या.