प्रवक्त्याचं मौन आणि प्रवक्त्याचं खोटं

मागच्या व्याख्यानानंतर एका मुलीने आम्हाला जिन्यातच गाठलं. म्हणाली, "सर, सरकारचा प्रवक्ता स्वतःला न पटणारं बोलत असेल, तर तो खोटारडाच नाही का?" गारखेड्यात असे प्रश्न विचारले जातात याचा आनंद झाला, पण जिन्यात उत्तर देता येईना. म्हणून आज त्यावरच बोलू.

उदाहरण विजय केशव गोखले यांचं घेऊ. १९८१ च्या तुकडीचे परराष्ट्र सेवेतले अधिकारी, चिनी भाषेचे जाणकार. मलेशियात उच्चायुक्त, जर्मनीत आणि नंतर चीनमध्ये राजदूत. २०१७ साली डोकलामला दोन्ही सैन्यं ७३ दिवस समोरासमोर होती, तेव्हा बीजिंगमध्ये राजदूत हेच. पुढे जानेवारी २०१८ पासून दोन वर्षं परराष्ट्र सचिव.

आता हे लक्षात घ्या, की परराष्ट्र मंत्रालयाला वेगळा अधिकृत प्रवक्ता असतो. २०१९ मध्ये ते काम रवीश कुमार यांच्याकडे होतं (पत्रकार रवीश कुमार वेगळे). सचिव सहसा पडद्यामागे असतात. पण २६ फेब्रुवारी २०१९ ला, बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर, गोखले स्वतः समोर आले. निवेदन वाचलं आणि एकही प्रश्न न घेता निघून गेले.

त्या निवेदनात कारवाईला 'बिगर-लष्करी' म्हटलं होतं. बघा, विमानं हवाई दलाची, मग बिगर-लष्करी कशी? अर्थ असा, की लक्ष्य पाकिस्तानचं सैन्य नव्हतं, जैश-ए-महंमदचा तळ होता. हा शब्द इस्लामाबादेतही ऐकला जाणार होता. प्रकरण तिथेच थांबवायला त्यात जागा ठेवली होती.

दुसरी गोष्ट. फार मोठ्या संख्येने दहशतवादी मारले गेले, असं निवेदन म्हणालं; आकडा मात्र दिला नाही. सूतगिरणी चौकातल्या टपरीवर तो आकडा संध्याकाळपर्यंत तीनशेवर गेला. आम्हीही दोघा-तिघांना फोन करून तो ठासून सांगितला! नंतर निवेदन नीट वाचलं आणि ओशाळलो. तिकडे पाकिस्तानने नुकसानच नाकारलं, उपग्रह छायाचित्रं पाहणाऱ्या काही परदेशी अभ्यासकांनीही शंका घेतल्या. म्हणजे तो सरकारचा दावा होता. आम्ही त्याला आमच्या मनाचा आकडा चिकटवला.

इथे कांटचा आधार घेऊ. १७६६ मध्ये मेंडेल्सझोनला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो ते थोडक्यात असं: मनातलं सगळं मी बोलेनच असं नाही, पण मनात नाही ते कधीच बोलणार नाही. मौन आणि असत्य यांच्यातली रेघ ती हीच. पण धर्मराजाचं 'नरो वा कुंजरो वा' आठवा. वाक्य तांत्रिकदृष्ट्या खरं, हेतू मात्र द्रोणाचार्यांना फसवण्याचा. त्याचा रथ जमिनीला टेकला तो त्या हेतूमुळे. तेव्हा नुसता शब्द तपासून भागत नाही, तो कशासाठी वापरला तेही पाहावं लागतं.

आता त्या मुलीचं उत्तर. प्रवक्ता 'आम्ही' म्हणतो तेव्हा तो पदावरून बोलतो, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. वकिलाला जसं आपण खोटारडा म्हणत नाही, तसंच. धोरण मनाला पटत नसतानाही ते मांडणं हे खोटं नव्हे. पण घडलेलं नाही हे माहीत असून 'घडलं' म्हणणं हे खोटंच. तिथे 'आम्ही'च्या आड लपता येत नाही. राजीनाम्याची वाट तेव्हा खुली असते.

आणि मौनालाही मुदत असावी. १९८९ मध्ये तिआनमेनच्या काळात गोखले बीजिंगमध्येच होते. त्या अनुभवावरचं त्यांचं पुस्तक आलं २०२१ मध्ये, निवृत्तीनंतर. नोकरीत असताना पाळलेलं मौन नंतर नागरिकांच्या उपयोगी पडलं, ते असं.

राहता राहिलो आपण. प्रवक्ता जे बोलला नाही, ते त्याच्या तोंडी घालू नये, एवढं तर आपल्या हातात आहे.

असो. आता विचारा. आम्ही काही परराष्ट्र सचिव नाही. प्रश्न घेतल्याशिवाय जाणार नाही.