लाईव्ह तास बुडाले, व्हिडिओ टिकले! कोरोनातल्या ऑनलाइन कॉलेजातून गावाने काय शिकायचं?

अंबरनाथ पूर्व : 2021 चा पावसाळा, लावणीचे दिवस. मी चिखलात आणि आमचा पुतण्या बांधावर छत्री धरून कॉलेजच्या तासाला. तो बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होता. घरात रेंज नाही, म्हणून बांध हेच त्याचं कॉलेज. स्मार्टफोन घरात एकच. धाकटी पुतणी दहावीला, तिचाही तास त्याच वेळेला. फोन पोराला द्यायचं मीच ठरवलं. पोरीचे तास बुडाले. ती चूक आज कळते, कारण ऑनलाइन शिक्षण कसं चालतं हेच तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं.

नेमकं झालं काय होतं?

मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला, कॉलेजं बंद झाली, लोकलही थांबली. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरची बरीचशी कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली. प्राध्यापकांनी झूम, गुगल मीटवर शिकवायला सुरुवात केली. नोट्स व्हॉट्सअॅपवर येऊ लागल्या.

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेचा वाद सुप्रीम कोर्टात गेला. परीक्षा न घेता पदवी देता येणार नाही, असा निकाल 28 ऑगस्ट 2020 ला आला. मग ऑक्टोबरमध्ये मुंबई विद्यापीठाची परीक्षा ऑनलाइन झाली. पेपर पर्यायी प्रश्नांचा, 50 मार्क, एक तास.

त्यातही अडचणी आल्या. 6 ऑक्टोबरला विद्यापीठाच्या दूरशिक्षण विभागाची, म्हणजे आयडॉलची परीक्षा कोलमडली. सायबर हल्ला झाला, असं विद्यापीठाने सांगितलं. पेपर पुढे ढकलले. 12 ऑक्टोबरला मुंबई-ठाणे पट्ट्यातली वीजच गेली आणि त्या दिवसाचेही पेपर पुढे गेले. म्हणजे मोबाईलवरचं कॉलेज शेवटी वीज, टॉवर आणि सर्व्हर या तिघांवर उभं असतं. त्यातलं एक गेलं की सगळं बंद.

गावात जास्त त्रास का?

केंद्र सरकारच्या 2017-18 च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात शंभरातल्या साधारण 15 घरांत इंटरनेटची सोय होती, शहरात 42 घरांत. कॉम्प्युटर तर गावात शंभरातल्या पाच घरांतही नव्हता.

दुसरं कारण डेटा. व्हिडिओ चालू ठेवून एक तास लाईव्ह बसलं की साधारण अर्धा जीबी जातो, कधी त्याहून जास्त. रोजच्या दीड जीबीच्या रिचार्जमध्ये तीन तास झाले की डेटा संपला. चौथ्या तासाला पोरगं गैरहजर.

लाईव्ह आणि साठवलेला तास, फरक समजून घ्या

लाईव्ह तास हा एसटीसारखा. वेळेवर फाट्यावर नसाल तर सुटली. रेंज, डेटा, फोन आणि तुमचा वेळ, चारही गोष्टी एकाच क्षणी लागतात.

रेकॉर्ड केलेला व्हिडिओ, ऑडिओ किंवा पीडीएफ नोट्स तुमची वाट बघतात. रेंज असेल तिथे एकदा डाउनलोड केलं की घरी इंटरनेटशिवाय बघता येतं. एका फोनवर दोन भावंडं आळीपाळीने शिकू शकतात. समजलं नाही तर मागे नेऊन परत ऐकता येतं. आमच्याकडे पुतण्याचे तास असे रेकॉर्ड होऊन मिळाले असते, तर सकाळी फोन पोरीला देता आला असता.

पण साठवलेल्या व्हिडिओला शंका विचारता येत नाही. म्हणून आठवड्यातून एखादा लाईव्ह तास फक्त शंकांसाठी ठेवला तर पोरांना दोन्हीचा फायदा होतो. प्रॅक्टिकलला मात्र लॅबच लागते.

आज याचा उपयोग काय?

कॉलेजं उघडली म्हणून हे सगळं सोडून देऊ नका. नोकरी, शेती सांभाळून शिकणाऱ्यांना ते कामाचं आहे.

- केंद्र सरकारचं 'स्वयं' हे पोर्टल 2017 पासून आहे. त्यावर कॉलेजचे कोर्स मोफत शिकता येतात. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी भरावी लागते.
- 2021 च्या यूजीसी नियमांप्रमाणे एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयं'वरून घेता येतात. पण आधी कॉलेजला विचारा, नंतर प्रवेश घ्या.
- 'स्वयंप्रभा' वाहिन्या उपग्रहावरून टीव्हीवर येतात. मोबाईलचा डेटा लागत नाही.
- व्हिडिओ बघताना क्वालिटी कमी ठेवा. लाईव्ह तासाला आपला कॅमेरा बंद ठेवा, डेटा वाचतो.
- कॉलेजने पुन्हा ऑनलाइन तास ठेवले तर पालकांनी पहिला प्रश्न विचारावा: रेकॉर्डिंग मिळणार का? आणि रेंज गेली तर हजेरीचं काय?

आणि घरात फोन एकच असेल तर तो कोणाला द्यायचा हे ठरवण्याआधी दोघांचं वेळापत्रक समोर ठेवा. ज्याचा तास नंतर बघता येतो, त्याने थांबावं. पोरगी आहे म्हणून तिने थांबू नये.